अष्टपैलू स्थळ

तलवाडा, माघ शु. ३, शके १८३५

ती. अर्जुनराव दाजी यांस सुंदररावाचा सा. न. वि. वि.

आमच्या रतनला केजचं स्थळ आलंय. मध्यस्थ शहादेव लिहितो, मुलगा उत्तरेश्वर 'अष्टपैलू' आहे. जमीन किती ते लिहायला त्याला जागा उरली नाही. पंतोजींना अर्थ विचारला. म्हणाले, पैलू म्हणजे बाजू. हिरा घासून त्याला पैलू पाडतात. माणसाला कसं घासतात, असं मी विचारलं. ते काम बायको करते, म्हणाले. पौर्णिमेला सुपारी फोडायची आहे. त्याआधी हा हिरा पाहून यावा.

छबुआक्कास नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

आपला,
सुंदरराव


नांदूरघाट, माघ शु. १०

रा. सुंदरराव यांस अर्जुनरावाचे आशीर्वाद.

हिरा पाहिला. पखवाज वाजवतो, तालमीत घुमतो, लोकांच्या उर्दू अर्ज्या लिहितो, शिवाय नाडी पाहतो. पखवाज एका बाजूनं फाटलाय. अर्ज्या लिहिल्या तशा परत येतात. ज्याला औषध दिलं, तो शेजारी भेटायला यायच्या स्थितीत नव्हता. शेत दुसऱ्यानं कसायचं. त्या बाजूला अजून पैलू पडायचाय.

शहादेवानं एक बाजू लिहिली नाही. तिचं नाव भामाबाई. ही त्याची पहिली बायको, दोन वर्षं माहेरी आहे. तुझी आक्का तिला भेटून आली. का गं निघून आलीस, असं हिनं विचारलं. ती वळली आणि पाठीवरचा पदर बाजूला केला. आक्का त्या दिवशी जेवली नाही. मलाही पुढं थट्टा सुचत नाही.

माया ठेव आणि सुपारी फोडू नकोस.

तुझा,
अर्जुनराव


तलवाडा, माघ व. २

ती. दाजींस सा. न. वि. वि.

सुपारी फोडली नाही. शहादेवाचं म्हणणं, एवढ्या गुणी माणसात एखादी गोष्ट चालवून घ्यावी लागते. मी म्हटलं, तुला पोरगी असली तर तूच चालवून घे. भावकी आता आम्हाला हेकट म्हणते. हा एकच पैलू, पण आम्हाला पुरतो.

रतनला सगळं सांगितलं. वाटलं, देवापुढं साखर ठेवील. ती म्हणाली, "म्या सुटले, आबा. तिचं कोण हाय?"

पोरगी भामाबाईला भेटायचं म्हणते. जाऊन काय बोलणार, ते तिलाही ठाऊक नाही. येत्या अष्टमीला गाडी जुंपून दोघं येतो. आक्काला सोबत यायला सांगावं.

भेटीअंती लोभ वाढावा.

आपला,
सुंदरराव