फक्कीच्या रेघेपलीकडचे कॉलम

१५ एप्रिल
काल जयंती, म्हणून धरणं बंद. आज पुन्हा पाथर्डी फाट्याच्या साइटवर. कोर्टाची ऑर्डर आली: गेटपासून शंभर मीटर लांब बसा, आत पाऊल नको; मोडलंत तर धरणंच उठेल. पोलिसांनी फक्कीची रेघ मारली. पस्तीस वर्षं गवंडीकाम केलं, असली रेघ पहिल्यांदा पाहिली. पूर्वी गेटलाच पाठ टेकून बसायचो. जुने शेठ शिव्या घालत यायचे, मग स्वतःच चहा सांगायचे. निम्मं भांडण तिथंच मिटायचं. फार आठवतात ते दिवस.

१७ एप्रिल
मागणी एकच, उंचावर काम करणाऱ्यांना जाळी आणि बेल्ट. आमची बिगारी संगीता तिसऱ्या मजल्यावरून पडली, अजून पाय टेकत नाही. आज तिची सासू आली होती. "जाळी लागल्याबिगर उठू नका, भाऊ."

१९ एप्रिल
ठेकेदाराने बाहेरची माणसं आणून काल कॉलम ओतले. आज भर उन्हात त्यांच्यावरचं गोणपाट कोरडं ठाक, पाणी मारायला कुणी नाही. सलीमभाई चुळबुळायला लागला. माझा पहिल्यापासूनचा जोडीदार.
"तडा जाईल रे. लोक राहणार हायेत वर."
म्हटलं, कोर्टाची ऑर्डर आहे.
"झगडा शेठशी हाय. कॉलमनं काय केलं?"
उठला. वॉचमन जेवत होता. पुढचं लिहीत नाही.

२१ एप्रिल
कंपनीने कोर्टात फोटो दिला. सलीमभाई, हातात पाइप. वकीलबाई म्हणाल्या, चक्कर आली, चुकून गेलो म्हणा.
"चुकून कसं? पाणी मारायला गेलतो."
मग ठरलं, तो एकटाच गेला, बाकीच्यांनी अडवलं असं लिहायचं. म्हणजे धरणं वाचेल. तो लगेच "लिहा" म्हणाला. साक्षीदार मी.

२२ एप्रिल
आमचा जुना मिस्त्री आठवला. सकाळी आधी कॉलमला पाणी, मगच चहा. एकदा मी नि सलीमभाई आधी चहा प्यायलो तर दिवसभर बोलला नाही. तसं रुसणारं आता कोणी राहिलं नाही.

२३ एप्रिल
उद्या तारीख. प्रतिज्ञापत्र समोर, सही बाकी. 'मी त्यांना अडवले, परंतु त्यांनी ऐकले नाही.' सही केली तर सलीम एकटा अडकतो. नाही केली तर सगळे उठतात, जाळी राहूनच जाते, आणि पुन्हा कुणी पडलं तर?
अडवलं नव्हतं. पाण्याचा कॉक मीच उघडला, भिंतीआड होतो म्हणून फोटोत नाही. आणि तो पाइप टाकून निघाला तेव्हा मीच म्हणालो, "मागचे दोन कॉलम राहिलेत."