मारव्यातला तो षड्ज

मी, अहल्या सुमंतराव, वय चौऱ्याहत्तर, राहणार बनशंकरी, बेंगळुरू, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्या दडपणाशिवाय हे लिहीत आहे. उद्या सकाळी आठला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. त्याआधी एक गोष्ट कागदावर यायलाच हवी.

कलम १. राहते घर व बँकेतली ठेव मुलगा प्राणेश यास. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून तो माझ्या एकाही मैफलीला वेळेवर पोचला नाही. पण वडिलांचे आजारपण त्यानेच काढले, हे मी विसरलेले नाही.

कलम २. पेटीवाले कृष्णमूर्ती यांस काहीही नाही. खरे त्यांना ठाऊक होते, तरी बारा वर्षे मिठाची गुळणी धरून बसले. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला बसू नये, असे वकील सांगतात. म्हणून यांना साक्षीलाच बसवले आहे. समोरच आहेत. "स्वल्प दमानं लिहा, अक्का," म्हणतात. आता दम कसला धरायचा!

कलम ३. माझ्या मारवा रागाच्या ध्वनिमुद्रिकेवर लोक जीव टाकतात. मारव्यात षड्ज सहजासहजी द्यायचा नसतो, ऐकणाऱ्याला तिष्ठत ठेवायचे असते. ज्या मैफलीत ती मुद्रित झाली, त्या संध्याकाळी मी पाऊण तास तिष्ठत ठेवले, वरच्या षड्जाला गेले आणि आवाजच फुटला नाही. मागे तानपुऱ्यावर माझी शिष्या संहिता होती. माझी खूण नसताना तिने तो लावला. आणि काय लावला, अगं आई गं! माणसे हुंदके देऊन रडली. मीही रडले, पण मत्सराने. डोळे मिटून बसलेल्यांना वाटले, मीच गायले. टाळ्या मी घेतल्या आणि आत जाऊन तिला म्हटले, "गुरूच्या वर गातेस? चालती हो." ती गेली. ध्वनिमुद्रिकेवर नाव माझे एकटीचे छापले.

तो षड्ज संहिताचा आहे. मी तो चोरला. यापुढे प्रत्येक प्रतीवर तिचे नाव असावे. प्राणेशने टाळाटाळ केल्यास घर मठाला जाईल.

~~कलम ४. माझा मिरजेचा तानपुरा संहितास.~~

वरचे कलम का खोडले, ते लिहिते. सकाळीच तिला निरोप धाडला होता. चार वाजून गेले, मी आशा सोडली, तेव्हा ती आली. तिला वाकू दिले नाही, कागद पुढे केला. तिने कलम ३ दोनदा वाचले.

"तानपुरा खोडा, अक्का."

"राग गेला नाही ना अजून?"

"नाही गेला. पण तानपुरा घेतला तर लोक म्हणतील, त्याच्यासाठी म्हातारीकडून लिहवून घेतलं. मला माझा सूर हवाय. पेन द्या, दुसरी साक्षीदार मी होते."

तिने मला माफ केलेले नाही. कोणत्या तोंडाने मागू? सही करताना आपल्या नावापुढे काय लिहायचे, ते ज्याचे त्याने ठरवले आहे.

बेंगळुरू, १४ ऑगस्ट २०२४

सही: अहल्या सुमंतराव (गायन)

साक्षीदार:
१. कृष्णमूर्ती (पेटी)
२. संहिता (तानपुरा आणि वरचा षड्ज)