भाडेकरूशिवाय भाडं

५ फेब्रुवारी
भाडं आलं! फ्लॅटमध्ये अजून माणूस नाही, तरी भाडं आलं. बिल्डर म्हणाला होता, "भाडेकरू मिळेपर्यंत वर्षभर दरमहा मी देणार." मला थाप वाटली होती. बँकेचा मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. नर्सिंगमध्ये जन्म गेला, रात्रपाळी केल्याशिवाय हाती पैसा आला नाही — आणि हे कुलूपबंद घर कमावतंय! निवृत्तीची सगळी पुंजी त्यात घातली होती.

९ फेब्रुवारी
पहिली कमाई स्वतः खायची नाही, ही आमच्या घरची रीत. जंगमांना, आम्हा लिंगायतांच्या गुरूंना, जेवायला बोलावलं. इथेच, भवानी पेठेत, अण्णाच्या घरी. लग्न केलं नाही, त्यामुळे पहिल्यापासून मी थोरल्या भावाकडेच. अण्णा हसला — "बसून आलेल्या पैशाचा कसला दासोह?" खरंच होतं ते; दासोहाचं जेवण घालायचं ते घाम गाळून कमावलेल्यातूनच. वाईट वाटलं. तरी गव्हाची गोड हुग्गी वाढली, पोटभर.

दुपारी पाठ टेकायची होती. पण चंद्रिकावहिनीच्या भिशीच्या बायका बसलेल्या. मी झोपते ती खोली म्हणजे सगळ्यांची जायची-यायची वाट.

६ मार्च
आलं. याही महिन्यात!

१८ जून
आमचं कराचं काम बघणाऱ्या वीरभद्रप्पांकडे गेले. अण्णा सोबत. करार वाचता वाचता त्यांनी विचारलं, "हितं राहतंय कोण, अक्का?"

कुणी नाही, म्हटलं.

"मग ह्याला भाडं कसं म्हणायचं? भाड्याला राहणारा लागतो की." भाड्यावरची तीस टक्के वजावट मिळणार नाही, हे इतर उत्पन्नात दाखवू, म्हणाले. वर हेही — "बिल्डर खिशातनं देत न्हाय. किमतीत आधीच धरलेलं असतंय. तुमचंच तुमाला परत."

मग माझ्याच पैशावर कर?

"किंमत कमी केली असं करारात लिवलंय का? न्हाय. मग भरा."

अण्णाचा चेहरा पडला. मी थक्क! म्हणजे जंगम जेवले ते माझ्या रात्रपाळ्यांवर. दासोह खरा झाला.

१९ जून
राहतंय कोण? प्रश्न डोक्यातून जाईना. चावी घेऊन एकटीच गेले. खोल्या लख्ख. बोललं की आवाज घुमतो. फरशीवर आडवी झाले, डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन उतरलेलं. कुणीही मला ओलांडून गेलं नव्हतं! एवढं मोठं असतं घर?

२ जुलै
बिल्डरला लिहून दिलं — हमीचे पैसे बंद करा.

अण्णा म्हणाला, "मग भाडं कोण देणार?"

"कुणीच नाही. मी राहायला चालले."

तो रिक्षा बघायला स्वतःच खाली उतरला.