ओळ धरायची खुर्ची

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. धाकटा भाऊ बस थांब्यावर उभाच होता. ट्रंकेत दगड भरलेत का, असं त्याने निदान तीनदा विचारलं. पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाला, म्हणजे तेच. आई गेल्यापासून आम्ही दोघं एका गावात राहतोय ते आत्ताच, त्यामुळे आज त्याला सगळं माफ.

खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. दोन खिडक्या, भिंतीत एक कपाट, आणि खालच्या मशीनची टकटक. मला आवडली.

नोकरी धाकट्यानेच जमवली. तो लाकूड वाळवायच्या कारखान्यात फिटर आहे. इथली भट्टी म्हणजे ट्रक मावेल एवढी विटांची खोली. ओल्या फळ्या गाड्यांवर रचून आत ढकलायच्या, वरून लोखंडी दार खाली सोडायचं आणि आत वाफ कोंडायची. हे सगळं चालवतो एक जुनाट संगणक, तोही फोर्थ नावाच्या भाषेत. ही भाषा शिकले म्हणून कॉलेजात सगळे मला हसायचे. आज कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिच्यापायी मला खुर्ची दिली, चहाही दिला. खुर्चीचा फोम बाहेर आलाय, पण तक्रार नाही.

७ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा ‘ओळ धरून’ बसले आहे. म्हणजे काय ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही.

भट्टीचा कार्यक्रम एका फाइलीत असतो. संगणक ती ओळीओळीने वाचतो आणि तसं करतो. पंखे फिरव, थांब, दार उघड, असं. मध्येच कुणाला दुरुस्तीला आत जायचं असलं तर फाइल थांबवून त्याला कीबोर्ड ऐकायला लावतात. मग या खुर्चीतल्या माणसाने एखादं अक्षर टाइप करायचं आणि एंटर दाबायचं नाही. ओळ अर्धी आहे तोवर संगणक वाट बघतो, दार वर राहतं. ओळ सोडली की फाइल पुढे चालू, आणि तिथली पुढची ओळ ठरलेली असते: दार लाव, वाफ सोड.

मेन स्विच का बंद करत नाही, असं मी विचारलं. फोरमनकाका म्हणाले, बाई, ते दार मोटरच्या जोरावरच वर लटकतं, वीज गेली की धाडकन खाली. म्हणजे माणसाचा जीव एका न दाबलेल्या बटणावर. मी हसले. ते हसले नाहीत.

आणखी एक गंमत. या खुर्चीत बसला की ज्याच्या त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. काल इथला सुतार बसला होता, तर अख्खं सासर उभं-आडवं सांगून मोकळा झाला, समोर कुणी नसताना. मला एकटीने बडबडायची सवय नाही, म्हणून मी वही काढली. धाकटा आत पंख्याचा पट्टा बदलतोय, तोवर हे लिहून झालं. आला बाहेर, केसांत भुसा घेऊन. थांबते.

१२ नोव्हेंबर

मालकीणबाईंना घरबसल्या फोनवरून भट्टीला हुकूम द्यायचेत. म्हणजे कीबोर्ड आणि फाइलीच्या जोडीला आणखी एक स्रोत. जुन्या प्रोग्रॅममध्ये पावलोपावली चौकशी होती: कीबोर्ड असेल तर असं, फाइल असेल तर तसं. मी ते सगळं उपटून टाकलं. आता प्रत्येक स्रोत हा एक ऑब्जेक्ट. त्याने ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची. पुढची ओळ दे. आत्ता कुठली ओळ चालू आहे. संपलास का. उत्तरं नीट आली की यंत्राला पुरे, बोलतंय कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. धाकटा म्हणाला, म्हणजे आपली आत्याच की, फोनवर अर्धा तास गप्पा मारते आणि मग विचारते, कोण बोलतंय.

स्रोत एकावर एक रचले जातात. वरचा संपला की उचलला जातो, आणि खालचा जिथे थांबला होता तिथून पुढे बोलू लागतो. माझ्या सोयीसाठी मी नाव विचारायचा प्रश्नही घातला, आणि सगळा ढीग पडद्यावर दाखवायची सोय केली. काम देखणं झालंय, आपणच आपलं कौतुक केलेलं बरं.

एक मात्र खटकलं. हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गृहस्थांना इथे मास्तर म्हणायचे. ते कुठे असतात म्हणून विचारलं. मालकीणबाई म्हणाल्या, निवृत्त झाले. सुतार म्हणाला, मुलीकडे गेले. फोरमनकाका म्हणाले, चहा गार होतोय. आता यात लपवण्यासारखं काय आहे?

१५ नोव्हेंबर

आज ओळ धरून बसले असताना ढीग बघितला. खाली फाइल, हे बरोबर. तिच्यावर कीबोर्ड हवा.

कीबोर्ड नाहीच. मी टाइप केलेलं अक्षर पडद्यावर लुकलुकतंय, पण ढिगात त्याचा पत्ता नाही. त्याच्या जागी कुणीतरी आहे, ज्याचं नाव विचारलं की उत्तर रिकामं येतं. संपलास का, तर नाही. बाकीची उत्तरंही अगदी शिस्तीत.

माझी चूक असणार म्हणून सगळं पुन्हा तपासलं. चूक नाही. मग मनात पाल चुकचुकली. मालकीणबाईंनी फोनचं काम मला देऊन मागच्या दाराने दुसऱ्या कुणालातरी दिलं असेल. फोरमनकाका माझ्या टेबलाकडे बघतात आणि मी वर पाहिलं की कप पुसत बसतात. कुणीतरी यात हात घातलाय, आणि सगळ्यांना ते माहीत आहे. नव्या माणसाला वेड्यात काढायचा बेत असेल तर गाठ माझ्याशी आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

१७ नोव्हेंबर

ओळ धरून बसल्या बसल्या त्या बिननावी स्रोताला आज सरळ विचारलं, आत्ता कुठली ओळ चालू आहे. पडद्यावर आलं: आज सकाळपासून डावा खांदा दुखतोय, उशी बदलायला हवी.

हे वाक्य मी तेव्हा नुकतंच या वहीत लिहिलं होतं. पेनने. मागच्या पानाच्या समासात खरडलेलं आहे.

मी लिहीत असताना माझ्या मागून ये-जा करत होता तो फक्त धाकटा. संध्याकाळी त्याला उभा-आडवा झापला. बहिणीची वही चोरून वाचतोस, वर फोनवरून टाइप करून मला घाबरवतोस, लाज कशी वाटत नाही. तो आधी हसला. म्हणाला, ताई, मला धड मराठी टाइप करता येत नाही, तुला माहीत आहे. न जेवता गेला. मला फार वाईट वाटतंय. पण त्याच्याशिवाय दुसरं कोण असणार?

१८ नोव्हेंबर

धाकटा नव्हता. सुटे भाग आणायला गेला होता दिवसभर.

भट्टी रिकामी ठेवायला सांगितली. खुर्चीत बसले, अक्षर टाइप केलं, हात कीबोर्डवरून काढले. टेबलाखाली मांडीवर कागद घेऊन लिहिलं: जांभळा. पडद्यावर जांभळा. खोडलं, तरी पडद्यावर होतंच.

खाली लिहिलेलं सगळं मी आधी माझ्या प्रोग्रॅमवर केलं, मग मास्तरांचा जुना घालून पुन्हा केलं. दार दोन्हीकडे सारखंच वागतं. म्हणजे हा आधीपासून आहे. मास्तरांच्या प्रोग्रॅममध्ये नाव विचारायची सोय नव्हती एवढंच.

मग लिहायची थांबले. पडद्यावर अक्षर लुकलुकत होतं, एंटरला कुणाचाही हात नाही. दार खाली आलं. वाफेचा आवाज आला.

पुन्हा केलं. तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं, दार आलं. तेच मोठ्याने बोलून पाहिलं, तरी आलं. नवीन काही लिहीत किंवा बोलत राहिले की थांबतं. त्या अर्ध्या ओळीने दार कधीच धरलेलं नव्हतं. आजवर भाऊ आत असताना मी केवळ कंटाळा येतो म्हणून लिहीत होते.

२० नोव्हेंबर

फोरमनकाका बोलले. मीच त्यांना भट्टीमागे गाठलं.

मास्तर ओळ धरून बसले की सारखे बोलायचे. शाळेतल्या गोष्टी, हवामान, वाटेल ते. लोक थट्टा करायचे. एकदा त्यांचा घसा बसला. आत त्यांचे सख्खे मेहुणे होते, आताच्या सुताराच्या आधीचे इथले सुतार. मास्तरांनी तोंड मिटलं आणि दार आलं. दाराखाली आधाराला अख्खी तुळई घातली होती, ती मोडली, मेहुणे वाचले नाहीत. मास्तर एंटर दाबला नाही म्हणून शपथा घेत राहिले. कुणीच विश्वास ठेवला नाही, काकाही त्यांच्या बाजूने बोलले नाहीत. मास्तर त्यानंतर कुणाशी बोललेले नाहीत. मुलीकडे आहेत हे खरं, पण बोलत नाहीत.

काका म्हणाले, बाई, मला तेव्हाच संशय होता. मग गप्प का बसलात, असं मी विचारलं. ते रडायला लागले. मला त्यांचा राग आला, अजून आहे.

२१ नोव्हेंबर

मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं की मला झोप लागते ना नीट. फाइल बदलून दार लावायची ओळच काढते म्हटलं, तर म्हणाल्या, ही खेप निघेपर्यंत काही हलवायचं नाही, लाकूड तडकेल. परवा निघेल. परवा बदलते.

धाकट्याला बजावलंय, काही झालं तरी आत जायचं नाही. त्याला माझं पटलेलं नाही, पण हो म्हणाला. वहीबद्दल मी माफी मागितली. म्हणाला, राहू दे, आत्याचं रक्त आहे तुझ्यात.

२३ नोव्हेंबर, दुपार

तो आत आहे.

पंखा अडकला, मालकीणबाईंनी पाठवलं. मी पाच मिनिटं उशिरा आले. काका खुर्चीत होते, घामाने भिजलेले, हत्यारांची नावं एकामागून एक घेत होते. आवाज फाटत होता. मी शेजारी उभी राहून लिहायला लागले. ढिगात आणखी एक बिननावी चढला. मग काका उठले, मी बसले.

फळ्यांची गाडी घसरलीय. धाकट्याचा पाय खाली अडकलाय. काका आणि सुतार जॅक घेऊन आत गेलेत. म्हणजे तिघंही आत.

नवीन लिहायला हवं. काय लिहू —

पडद्यावर येतंय. येऊ दे. घे.

धाकटा लहानपणी पायजम्याची नाडी चघळायचा. आई तिला मिरची लावायची —

सायकल शिकताना मला धरून ठेव म्हणाला, मी सोडलं, तो गटारात. आठवडाभर अबोला —

आईच्या शेवटच्या दिवसात तिचे पाय तोच चेपायचा. मी परीक्षेचं निमित्त काढून — नाही, ते नको — घे, तेही घे —

जॅक बसला म्हणतायत. गाडी हलली.

दार एकदा थरथरलं. मी अडखळले म्हणून. अडखळायचं नाही.

वर बघायचं नाही. कागदाकडे बघ.

त्याला वांगं आवडत नाही. त्याला उजेडात झोप येते. नाड्या न सोडता बूट काढतो. पहिल्या पगाराची मला छत्री आणली, मुठीला चिमणी होती —

ओरडतायत. पाय सुटला. सुटला पाय —

काका बाहेर आले. सुतार आला. तो मागे आहे, लंगडतोय, काका हात देतायत —

लिही. लिही. काहीही. निळा सदरा. भुसा. डावा पाय ओढतोय —

दाराखाली पोचलाय. थांबलाय तिथेच, मला हाक मारतोय, ताई, बघ ना इकडे, म्हणतोय, हसतोय बहुतेक, आणि मी