जनावर असलेलं घर

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन येऊन गेल्याचं शेजारच्या सुताराने सांगितलं. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, तेव्हा पत्र लिहीत जा. कागदाला कान लागत नाहीत.

मी बरा आहे. बाईसाहेबही बऱ्या आहेत. काल त्यांनी माझी मोजपट्टी अर्धी खाल्ली, त्यामुळे आता गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप अंदाजाने घेतो. तुझ्या आईने लाडावून ठेवलेली शेळी, तिला मी काय बोलणार? रागावलो तर मशीनच्या पायडलवर बसून काम बंद पाडते.

गिऱ्हाइकं तरी कुठे आहेत म्हणा. गुरांची साथ आल्यापासून बाजार बंद. रस्त्याच्या तोंडाशी औषधाच्या पाण्याचा खड्डा केलाय. डेअरीची गाडी येत नाही, लोक दूध गटारात ओततात. तुमच्या खात्याने पथकासाठी पांढरे डगले शिवायला दिले म्हणून माझं मशीन चालू आहे. सगळ्या गावाचे धंदे बसवायचे आणि एकट्या शिंप्याला काम द्यायचं, हा कुठला न्याय, ते तुझ्या साहेबांना विचार.

पथकात गेल्यापासून तू एकदाही घरी आली नाहीस. कॅम्प काही सातासमुद्रापलीकडे नाही. सकाळी सवयीने चहा दोघांचा होतो आणि दुसराही मलाच प्यावा लागतो. कधी येतेस?

लोभ आहेच, तो वाढवायला समक्ष ये.
बाबा

ता. ९ मार्च

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रागावलात हे अक्षरावरूनच कळलं. मी मुद्दाम टाळत नाही हो. साथ आमच्या बुटांबरोबर फिरू शकते, म्हणून पथकातल्या माणसाने कामाखेरीज जनावर असलेल्या घरात पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे. आणि ज्याच्या घरी जनावर आहे त्याने गावाच्या हद्दीबाहेर पडायचं नाही. म्हणजे मी येऊ शकत नाही आणि तुम्हीही येऊ शकत नाही. मध्ये तुमच्या बाईसाहेब उभ्या आहेत.

आम्हाला एका बंद शाळेत ठेवलंय. बाकं इतकी चिमुकली की जेवताना गुडघे हनुवटीला लागतात. दिवसभर गोठ्यांतून फिरायचं, जनावरांच्या कानातले बिल्ले यादीशी ताडून पाहायचे, तोंड उघडून फोड आहेत का बघायचं. वरून हुकूम आला तर जनावर मारायचंही आम्हीच. टपरीवर आम्ही गेलो की लोक चहा अर्धा टाकून उठतात. पथकातली दोघं नोकरी सोडून गेली.

दर घरी नवा डगला चढवायचा आणि निघताना जाळायचा. परवा एका डगल्याच्या काखेत दुहेरी टीप दिसली. अशी टीप तुमच्याशिवाय कोण घालतंय? तो जाळताना माझ्या जिवावर आलं.

एक सुचवू का? राजीखुशीने दिलेली जनावरं खातं विकत घेतं. बाईसाहेबांना दिलंत तर येत्या रविवारी मी घरी असेन. नाही म्हणण्याआधी विचार करा.

तुमची आठवण येते. राग मानू नये, लोभ राखावा.
भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

विचार केला. चहा निवायच्या आत करून झाला. नाही.

अगं, तू रविवारी येशील आणि सोमवारी जाशील. मग मी कोणाशी बोलू? मशीनशी? तुझी आई गेल्यावर या घरात माझ्याशी भांडणारं एवढंच एक उरलंय. सकाळी उठायला उशीर झाला तर दाराला धडका देऊन उठवते. मी उठलो की नाही याची फिकीर असणारं दुसरं कोण आहे इथे? तुला टोमणा मारत नाही, आहे ते सांगतोय.

आणि तुमच्या यादीची गंमत ऐक. गेल्या वर्षी तू खात्याच्या कामाने गल्लीत आलीस, बाईसाहेबांच्या कानात बिल्ला मारलास, त्यांचं नाव यादीत घातलंस. सुताराने मात्र "नंतर बघू" म्हणून तुला टोलवलं होतं. आता पथक यादी घेऊन येतं, माझं दार वाजवतं आणि त्याच्या दारावरून सरळ पुढे जातं. त्याच्या फळ्यांच्या मागून काहीतरी ओरडतं म्हणे. मला काय, कमी ऐकू येतं.

जेवत जा वेळेवर.
बाबा

ता. २२ मार्च

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पथकातल्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय, उत्तर त्याच्याच हाती द्या.

डेअरीच्या गोठ्यात लाळ-खुरकत रोग निघाला. त्या गोठ्याभोवती आखलेल्या घेऱ्यात आपली गल्ली आलीय. घेऱ्यातलं यादीवरचं प्रत्येक जनावर मारायचा हुकूम आहे, मग ते आजारी असो की धडधाकट. पथक उद्या सकाळी येईल.

मी साहेबांच्या हातापाया पडले. म्हटलं, तिला ताप नाही, तोंडात फोड नाही, ती घराबाहेरही जात नाही. ते म्हणाले, तुमच्या घरची सोडली तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? बाबा, त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. दारोदार हेच मी स्वतः सांगत आलेय. सुताराचं तुम्ही लिहिलंत ते अजून कोणाला बोलले नाही. बोलायला हवं, हे मला कळतं. ज्याने नाव दिलं त्याचं जनावर जातं आणि ज्याने लपवलं त्याचं राहतं, हे पाहिल्यावर पुढच्या वर्षी बिल्ला मारून घ्यायला कोण पुढे येईल?

साहेबांनी मला मोकळीक दिलीय. नको असेल तर मी दुसऱ्या गल्लीत जाऊ शकते. आणि यायचं ठरवलं तर येऊही शकते. कामावर असताना मला आपल्या घरात पाऊल टाकायची परवानगी आहे.

तुम्हीच सांगा, येऊ की नको?
भिंगरी

ता. २२ मार्च

चि. भिंगरीस,

माणूस दारात खोळंबलाय म्हणून थोडक्यात लिहितो.

तूच ये. ती परक्याला अंगाला हात लावू देत नाही. घाबरेल, धडपडेल. तुझ्याजवळ गप्प उभी राहील. मी आतल्या खोलीत बसेन. माझ्याशी बोलायला थांबू नकोस, तुमचं काम असेल ते करून जा.

बाबा

ता. ६ एप्रिल

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन पत्रं लिहून फाडली. त्या दिवशी मी तुमच्याशी एक शब्दही बोलले नाही. तुम्हीच तसं लिहिलं होतं, तरी आत यावं असं फार वाटत होतं. बरोबरची माणसं थांबली होती, म्हणून डगला जाळला आणि निघाले.

तपासणीचे निकाल आले. ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. आपल्या गल्लीत एकाही जनावराला रोग नव्हता. साहेब म्हणतात, घेरा टाकला म्हणूनच तो गल्लीपर्यंत पोचला नाही. खरंही असेल. नवी लागण कुठेही नाही, बाजार उघडणार आहे, डेअरीची गाडी सुरू होणार आहे. लोकांनी विचारलं की मी हेच सांगते आणि मग वर्गात येऊन रडते.

मला रजा मिळालीय. आता कोणता नियम आड येत नाही. रविवारी घरी येऊ का? तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी यायची नाही.

तुमचीच,
भिंगरी

ता. ११ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. भरपाईचं पत्रही मिळालं. त्यात वर बिल्ल्याचा नंबर आणि खाली माझं नाव, असा आम्हा दोघांचा मान राखलाय. सुतार हल्ली दारावरून मान खाली घालून जातो. मी त्याच्यावर रागावलेलो नाही.

साथ थांबली हे चांगलं झालं. कोणी तुझ्याबद्दल वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. माझी मुलगी कामात चोख आहे असं सांगतो, आणि ते मनापासून सांगतो.

आता येण्याबद्दल. स्वतःच्या घरी यायला तुला परवानगी मागावी लागते, याचं फार वाईट वाटलं. तरी खरं तेच लिहितो. मी आत बसणार होतो, पण बसवेना. खिडकीतून पाहिलं. तुम्ही सगळे एकसारखे पांढरे, तोंडं झाकलेली. त्यात तू कोणती ते मला ओळखता आलं नाही. तिने ओळखलं. इतक्या जणांतून ती सरळ तुझ्याकडे चालत आली आणि तुझ्या हाताखाली मान घालून उभी राहिली.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. तुला ये म्हणणाराही मीच. पण दाराकडे पाहिलं की अजून मला तेच दिसतं. तू आत आलीस तर मी आधी तुझ्या हातांकडेच बघेन, आणि ते तुला कळेल. तसं तुझ्या वाट्याला यायला नको.

म्हणून या रविवारी येऊ नकोस, पोरी. इथे करमत नाही, तरीही येऊ नकोस. पत्रं मात्र पाठवत राहा. तुझ्यावरचा लोभ तसाच आहे, तसूभरही कमी झालेला नाही. पण दार उघडायला अजून हात धजत नाही.

तुझा,
बाबा