चौथा रकाना

सोमवार, ९ जानेवारी २००६

आमच्या मालकानं, अरुणनं आज नवीन काम गळ्यात घातलं. कंपनीच्या वेबसाइटसाठी शब्दसूची! भारतातून इकडे अमेरिकेत पहिल्यांदा माल मागवणाऱ्यांना आपले शब्द कळत नाहीत, रोज तेच ते फोन येतात, तर सोपं करून लिही म्हणाला. साठ शब्द. "तुझं ते मास्तरणीसारखं समजावणं एकदाचं कामी येऊ दे." चेष्टेत म्हणाला, पण मला बरं वाटलं.

आधी मराठीत लिहून बघते. मराठीत जमलं तरच मला ते कळलेलं असतं.

शिपर — माल पाठवणारा.
कन्साइनी — ज्याच्या नावे माल येतो तो.
बिल ऑफ लेडिंग — जहाज कंपनीनं माल घेतल्याची पावती. ती दाखवल्याशिवाय माल मिळत नाही.
सेड टु कंटेन — आत अमुक आहे असं पाठवणारा म्हणतो. जहाज कंपनीनं पाहिलेलं नाही. सील लावलेला डबा, म्हणजे कंटेनर, आला; डबा नेला.

बाबांना हा शेवटचा शब्द कधीच आवडला नाही. एकतीस वर्षं मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते ते — जहाजातून उतरणारी प्रत्येक गोण मोजून लिहिणारे. कंटेनर आले आणि मोजायला काही उरलं नाही. सहाव्या वर्षापासून नऊ वर्षांची होईपर्यंत मी सांधेतापानं घरी होते, तेव्हा माझी शाळा म्हणजे बाबाच. रद्द झालेल्या टॅली शीटच्या पाठीवर अक्षरं. पुढच्या बाजूला चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पाहिलं तेवढंच लिहायचं. जो भरतो त्यानं मोजायचं नाही, मोजणारा दुसराच हवा. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला हे दोन नियम येत होते.

बुधवार, ११ जानेवारी

क्लीन बिल — ज्यावर जहाज कंपनीनं मालाबद्दल तक्रार नोंदवलेली नाही. माल चांगला आहे असा त्याचा अर्थ नाही.

दुसरं वाक्य अरुणनं काढायला लावलं. कस्टमरला घाबरवायचंय का, म्हणे.

गुरुवार, २ फेब्रुवारी

आज मी एक न पाहिलेली गोष्ट लिहिली.

न्हावाशेव्याहून आलेला डबा — कोरीव लाकडी सोफे, फोमच्या गाद्या, उशा, सगळं प्लास्टिकात गुंडाळलेलं. लाकडातली कीड मारायला अशा डब्यात विषारी वायू सोडतात, ठरलेले तास दारं बंद ठेवतात, मग उघडून वायू बाहेर घालवतात. तसं सर्टिफिकेट सोबत येतं. तारीख होती, तास होते, शिक्का होता. 'दारं उघडून हवा दिली' या ओळीसमोर काहीच नव्हतं.

तिकडच्या एजंटला ईमेल केली. उत्तर नाही. वेअरहाउसच्या फॉर्ममध्ये चौथा रकाना हाच — हवा दिली का? तो भरल्याशिवाय ते डबा उघडायची वेळ देत नाहीत.

अरुणला दाखवलं. त्यानं खुर्चीतूनच मान वळवली. महिनाभर समुद्रावर होता, आता कसला वायू राहतोय! बिल क्लीन आहे. कस्टमरचं शोरूम अकरा तारखेला उघडतंय. "सावनी, हो लिही आणि पाठव. दरवेळी इतका विचार केलास तर जहाजं परत न्यावी लागतील."

'हो' लिहिलं. फॅक्स केला.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

एजंटचं उत्तर नाही. वेअरहाउसला फोन करावा असं दोनदा वाटलं. काय सांगणार? की मला माहीत नाही?

मंगळवार, ७ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

सव्वानऊला प्रल्हादकाकांचा फोन. इथून जवळच्या एलिझाबेथ गावातल्या वेअरहाउसमध्ये आलेला माल उतरवून घ्यायचं काम त्यांचं. नागपूरला बँकेत हेड कॅशियर होते, मुलीनं इकडे बोलावून घेतलं, घरी बसवेना म्हणून ही नोकरी. डबा उघडण्याआधी ते मला नेहमी फोन करतात आणि आमचा फॉर्म मोठ्यानं वाचतात. गरज नसते. कॅशियरची सवय — दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही.

"काय करून राहिली बाई? चहा झाला का? हं, ऐक. रकाना एक, नंबर..." असं वाचत गेले. सील जुळलं. वजन जुळलं. "रकाना चार. हवा दिली — हो. बरोबर?"

मी म्हटलं, "हो काका. बरोबर."

पुन्हा विचारलं होतं त्यांनी. मला दुसरी संधी दिली होती, आणि मी पहिल्यापेक्षा पटकन उत्तर दिलं!

पावणेअकराला वेअरहाउसच्या मॅनेजरचा अरुणला फोन. बाहेर गोठवणारी थंडी, म्हणून काका डबा वेअरहाउसच्या आत लावून, डब्यात शिरून एकटेच मोजत होते. त्या वायूला वास नसतो. बाहेर येऊन डोकं दुखतंय म्हणाले, दिसत नाही म्हणाले, मग पडले. झटके येत होते. अ‍ॅम्ब्युलन्स, मग फायर ब्रिगेडचे मुखवटे घातलेले लोक. आतलं सगळं पिशव्यांत भरून सीलबंद करून नेलं. काकांचा क्लिपबोर्डही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

काका आयसीयूत. जिवंत आहेत.

अरुणनं दार लावून घेतलं. स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझाच फॉर्म, २ तारखेचा. चौथ्या रकान्यात 'हो' नाही. तिथे — 'डबा उघडण्याआधी वेअरहाउसनं तपासावे.'

माझी फाइल कुठे आहे, विचारलं. ही तुझीच फाइल, फायनल व्हर्जन, म्हणाला. फॅक्सची प्रत काकांच्या क्लिपबोर्डला होती, ती त्या पिशवीत गेली, आता विषारी कचरा. कुणी बघणार नाही. मग आवाज खाली आणला. "अकरा जणांच्या चुली आहेत या ऑफिसवर. आणि 'हो' कुणी टाइप केलं होतं? मी नाही. मी तुला वाचवतोय."

आणि मी मान डोलावली.

रविवार, १२ फेब्रुवारी

बर्फ. खालच्या गाड्या दिसत नाहीत. जर्सी सिटी एकदम मुकी झाल्यासारखी.

माझी रूममेट निधी — तिला सगळं माहीत आहे — सकाळपासून कांदेपोह्यांनी माझं मन वळवतेय. तिचं म्हणणं, व्हिसा अरुणच्या कंपनीचा आहे, नोकरी गेली की चंबूगबाळं आवरून घरी. काका बरे होतील. "आणि ती वही आहे ना तुझी, त्यातली ती पानं फाडून टाक यार. कोण लिहितं असलं?"

मी वही उशीखाली ठेवली. तिला हसू आलं. मलाही, थोडं.

बुधवार, १५ फेब्रुवारी

कामगार-सुरक्षा खात्याच्या इन्स्पेक्टरबाई ऑफिसात आल्या. शांत, चष्मा गळ्यात. अरुण शेजारी बसलेला. त्यांनी त्याला बाहेर जायला सांगितलं, तो गेला, तरी मला तो शेजारीच वाटत राहिला.

चौथ्या रकान्यात काय लिहिलं होतं? मी म्हटलं, नक्की आठवत नाही.

सव्वानऊला वेअरहाउसमधून तुमच्या फोनवर कॉल आहे. चार मिनिटं. कशाबद्दल?

आठवत नाही.

त्यांनी कार्ड ठेवलं. आठवलं तर सांगा म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागवायला हव्या होत्या.

शनिवार, १८ फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये गेले. काका साध्या वॉर्डात. डोळ्यांपुढे अजून दोन दोन दिसतं. हात थरथरतात, चमचा धरवत नाही. प्रतिमाकाकू भरवत होत्या. डॉक्टर म्हणतात, मज्जातंतूंना लागलंय, किती भरून येईल सांगता येत नाही. झालं त्याच्या आदले दोन दिवसही त्यांना आठवत नाहीत. पुसलेत.

मला बघून उठायला लागले. "ये बाई. माझ्यामुळे तुझ्या ऑफिसला त्रास झाला म्हणे."

मॅनेजर येऊन सांगून गेलाय — कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, वेअरहाउसनं तपासावे. तुम्ही न वाचता दार उघडलंत. अरुणनं पाठवलेली प्रत दाखवून गेलाय.

काका म्हणाले, "चौतीस वर्षं कॅश सांभाळली. एक नोट इकडची तिकडे नाही झाली. आणि इथे साधा कागद वाचला नाही मी?" मग हळूच, काकूंना ऐकू जाऊ नये तसं, "मी त्या दिवशी तुला फोन केला होता का गं? नेहमी करतो ना."

मी म्हटलं, लक्षात नाही काका.

त्यांना खरंच आठवत नाही. मी त्यांचं दुखणं उसनं घेऊन त्यांच्याच तोंडावर वापरलं.

बाहेर पडताना काकूंनी हातात संत्रं दिलं. ट्रेनमध्ये ते धरूनच बसले होते.

रविवार, १९ फेब्रुवारी

बाबांना फोन. त्यांच्याशी मला कधी खोटं बोलता आलेलं नाही, म्हणून इतके दिवस फोनच टाळत होते. सांगितलं सगळं.

कॉलिंग कार्डाची मिनिटं जात होती. मग एक गोष्ट सांगितली. आईलाही माहीत नसलेली.

साखरेच्या गोणी उतरत होत्या. पाऊस होता म्हणून ते शेडमध्ये उभे राहिले, आणि हमालांच्या टोळीतल्या माणसानं ओरडून सांगितलेला आकडा न पाहता लिहिला. चारशे. निघाल्या तीनशे ब्याण्णव. दिगंबर नावाच्या हमालावर चोरीचा आळ आला, गोदीचा बिल्ला काढून घेतला. "मी सांगायला हवं होतं, की मी मोजलंच नव्हतं. उद्या सांगू, उद्या सांगू केलं. तो गावी निघून गेला."

कधीची गोष्ट, मी विचारलं.

"तू तापानं घरी राहायला लागलीस ते वर्ष. तुला शिकवायला बसलो ते."

म्हणजे ती शाळा माझ्यासाठी नव्हती फक्त.

काय करू ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

बुधवार, २२ फेब्रुवारी

काकांना वेअरहाउसचं पत्र. सुरक्षेचे नियम मोडले म्हणून कामावरून कमी. काकूंनी फोनवर वाचून दाखवलं. इंग्रजी अडखळत, एकेक शब्द.

आणि आजच अरुणनं बोलावून सांगितलं, माझ्या ग्रीन कार्डची फाइल मार्चमध्ये सुरू करतोय. दोन वर्षं मागत होते मी. पेढा पुढे केला. त्याच्या घरचा, सुनेत्रावहिनींनी केलेला.

खाल्ला. तोंडातला टाकून देणार कुठे?

शब्दसूचीत चाळीस शब्द झाले होते. पुढचे मी लिहिणार नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी

काका घरी आलेत, मुलीच्या अपार्टमेंटमध्ये. मुलगी कामावर. मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, चहा आला असता तर बोलणं झालं नसतं.

उभ्यानंच सांगितलं. 'हो' मी लिहिलं होतं. माहीत नसताना. फोनवर तुम्ही वाचलंत, मला विचारलंत, मी बरोबर म्हटलं. फॉर्म नंतर बदलला, आणि मी गप्प बसले. इन्स्पेक्टरला खोटं सांगितलं. तुम्हालाही.

काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

काका माझ्याकडे बघत होते, का माझ्या शेजारच्या दुसऱ्या माझ्याकडे, कळत नव्हतं. त्यांनी दोन्ही थरथरते हात एकमेकांत अडकवले.

"म्हणजे मी वाचला होता कागद?"

हो काका.

"आणि फोन केला होता."

केला होता. सगळे रकाने वाचलेत. सीलही जुळवलंत.

ते काकूंकडे वळले. "ऐकलं का? मी वाचला होता." रडायला लागले. रोज तेच विचारत होते म्हणे, झोपेतूनही. माझ्यावर रागावले नाहीत. त्यांना माझी आठवणच राहिली नव्हती त्या क्षणी.

काकूंना होती. दारापर्यंत सोडायला आल्या. चप्पल घालेपर्यंत थांबल्या.

"अठरा दिवस," म्हणाल्या. "या माणसानं अठरा दिवस स्वतःला खाल्लं. तू येऊन संत्रं घेऊन गेलीस."

दार लावलं. जोरात नाही.

सोमवार, २७ फेब्रुवारी

सकाळी इन्स्पेक्टरबाईंना फोन केला. अकराला बोलावलंय. त्या दिवसाचं लेखी काही आहे का, त्यांनी विचारलं. आहे म्हटलं. वही आहे, माझ्या भाषेत. मग फक्त ती दोन पानं भाषांतर करून आणा, म्हणाल्या.

नाही म्हटलं. वही अख्खी देते. भाषांतर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. जो भरतो त्यानं मोजायचं नाही.

तेव्हा भाषांतरासाठी हे तुम्ही वाचताय. मी तुम्हाला ओळखत नाही. लिहिलेली पानं तेवीस आहेत, एकही फाडलेलं नाही. मोजून घ्या.