सगळ्यांना मध

१२ सप्टेंबर

सूनबाईचं आणि माझं आज वाजलं! रोश हशाना, आम्हा ज्यूंचं नवं वर्ष, तोंडावर आलंय. बाळाचं पहिलंच. सहज म्हटलं, त्याच्या जिभेला मध मी लावणार. माझ्या बापानं मला लावला, मी माझ्या मुलाला लावला. ती एकदम ताठ — "बाबा, एक वर्षाच्या आत मध नाही. बोटाच्या टोकावर घेऊनसुद्धा नाही. त्यातले जंतू इतक्या लहान पोटाला झेपत नाहीत."

मी चिडलो. म्हटलं, मग आम्ही सगळे काय विष खाऊन वाढलो?

पाच महिन्यांचं पोर तिचं. मुलगा मध्ये पडला — "बाबा, शब्द द्या."

दिला. तोंड वाकडं करून दिला, पण दिला.

१५ सप्टेंबर, दुपार

दिवे लागायच्या आत लिहून घेतो. सणात लिहायचं नसतं, मग तो संपेपर्यंत लेखणी बंद.

गोल पाव उत्तम फुगलाय. सगळा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला, तरी या एका पावाला अजून छाती धडधडते! नात शेजारी स्टुलावर. पाच वर्षांची आमची चिमणी — तोंडाचा पट्टा चालूच. "याला टोक का नाही?" म्हटलं, वर्षाला तरी कुठे असतं? एक संपतं तिथून दुसरं सुरू. मग डाळिंब. जितके दाणे तितकी चांगली कामं हातून व्हावीत, म्हणून खायचं. वीसपर्यंत मोजले, उरलेले गट्टम. "आजोबा, माझी चांगली कामं पोटात गेली!"

माशाचं डोकं ताटात बघून तिनं डोळे झाकले. आपण शेपूट होऊ नये, डोकं व्हावं, म्हणून असतं ते, असं मी सांगतोय तोच आमची म्हातारी म्हणते — "तुमच्याच पुढे ठेवते. वर्षातून एकदा तरी या घरातल्या पुरुषाजवळ डोकं असू दे!"

"आणि मध?" चिमणीनं विचारलं.

"वर्ष गोड जावं म्हणून. सगळ्यांनी खायचा, कुणाला वगळायचं नाही. ज्याला मध मिळाला नाही, त्याचं वर्ष कडू."

सूनबाईनं सफरचंद चिरता चिरता माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, शब्द दिलाय ना!

१८ सप्टेंबर

सण पार पडला. मधाची वाटी सगळ्यांपुढे फिरली, बाळाजवळून तशीच पुढे गेली. जिवाला लागलं. पण हात आवरला.

२१ सप्टेंबर

बाळाला तीन दिवस शी नाही. म्हातारी म्हणते, होतं असं. सूनबाई त्याचं पोट चोळत बसते.

२३ सप्टेंबर

बाळ दूध ओढत नाही. रडतं ते मांजराच्या पिल्लासारखं. मान टाकून देतं, पापण्या अर्ध्यावर. उचललं तर हातात ओलं फडकं धरल्यासारखं वाटलं. मुलगा गाडी काढतोय. देवा!

२४ सप्टेंबर, दुपार

हॉस्पिटलचा व्हरांडा. बाकावर बसून लिहितोय — हाताला काम हवं.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला — "याला कुणी मध दिला होता का?"

सगळे माझ्याकडे वळले. सगळे! बायकोसुद्धा.

नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, "कुणाला दोष द्यायला विचारत नाही. तपासणीचा निकाल यायला वेळ लागतो, आणि औषध लांबून मागवावं लागतं. मध पोटात गेला असेल तर आत्ताच मागवते." परत नाही म्हटलं. मुलानं मला बाजूला घेतलं. "बाबा, मी रागावणार नाही. त्याचा जीव जाईल. खरं सांगा." लहानपणी माझ्या हाताला धरून चालायचा, तसा हात धरला होता त्यानं. मी काय सांगू? दिलाच नाही तर!

सूनबाई माझ्याकडे बघतही नाही.

संध्याकाळी मोठा उपवास लागतो. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा दिवस. चिमणी सकाळपासून माझ्या सदऱ्याचं टोक धरून आहे. पट्टा बंद. पोरगी घाबरलीय बिचारी.

२६ सप्टेंबर

बाळ रडलं! पूर्ण गळा काढून नाही, पण रडलं. औषध वेळेत आलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परवा चिमणीला पाणी पाजायला जिन्यापाशी नेलं, तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली — "आजोबा, सगळ्यांना दिला आणि बाळाला नाही दिला. त्याचं वर्ष कडू झालं असतं ना? मी पाळण्यात बोट घालून दिला. मी त्याला मारलं का?"

म्हटलं, नाही गं राणी. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

तडक वर गेलो. सगळ्यांदेखत डॉक्टरीणबाईंना सांगितलं — मी दिला. सणाच्या दुसऱ्या दिवशी, सगळे झोपले होते तेव्हा.

आज मुलगा म्हणाला, "इथून पुढे बाळाला हात लावायचा नाही." बरं म्हटलं.

काल दिवसभर सिनेगॉगमध्ये उभा राहून एकेका चुकीची माफी मागितली. हे एक खोटं तेवढं वगळलं.